डावा खालचा किंगपिन: घरगाडीच्या ग्रीसिंगच्या नोंदी

१९ जानेवारी २०२५

संक्रांतीला सोलापुरात नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी आलेले पाहुणे परवा गेले, तेव्हा कुठे आज गाडीखाली शिरायला सवड मिळाली.

गाडी म्हणजे मिनी बसच्या चासीवर बांधून घेतलेलं आमचं मोटरहोम. घरात सगळे तिला घरगाडीच म्हणतात. २०२१ मध्ये बॉडी बांधून झाली. चासी कोणत्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही. पुढे आख्खा एक्सल, त्याला किंगपिन (ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती), आणि चारही बाजूंना पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), अशी रचना असलेल्या कुठल्याही गाडीला या नोंदी लागू पडतील.

गेल्या आठवड्यात अक्कलकोटहून येताना दोन गोष्टी जाणवल्या. गतिरोधकावरून गाडी गेली की डावीकडून 'कुईं' असा आवाज यायचा. आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नव्हतं, हाताने ओढून आणावं लागत होतं. दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. टायरमधली हवा तपासली, बरोबर होती.

आज चटई टाकून, उजेडाची बॅटरी घेऊन खाली गेलो. पुढच्या डाव्या चाकाच्या आत, किंगपिनच्या खालच्या टोपीवर ग्रीसचं निप्पल (ग्रीस आत भरायचं छोटं तोंड) दिसलं. त्यावर काळा रंग होता. बॉडी बांधताना चासीला मारलेला तोच रंग, तडासुद्धा न गेलेला. नखाने खरवडला तेव्हा आतून पितळी रंगाचं निप्पल नवं कोरं निघालं.

म्हणजे चार वर्षांत इथे एकदाही ग्रीस गेलेलं नाही. फाईल काढली. चार बिलांवर 'ग्रीसिंग' अशी ओळ आहे आणि चारही वेळा मी पैसे दिले आहेत. कुठे केलं, कोणी केलं, ते इथे लिहून उपयोग नाही. मीही कधी खाली वाकून पाहिलं नाही, हे मात्र नोंदवायलाच हवं. ३१ वर्षं टॉवेलच्या कारखान्यात फिटर होतो. मागाच्या एकेका बेअरिंगला रोज सकाळी तेल घातलंय का, हे बोट लावून पाहायचो.

ठरवलं, यापुढे हे काम मीच करणार आणि लिहून ठेवणार.

२५ जानेवारी

आधी नकाशा. नातीच्या चित्रकलेच्या वहीतलं मोठं पान घेतलं, त्यावर चासीचा आराखडा काढला आणि एकेक निप्पल शोधत गेलो. नात सातवीत आहे. ती बाहेर स्टुलावर बसून मी सांगेन तो आकडा लिहीत होती.

किंगपिन: दोन्ही बाजूंना वर एक, खाली एक, असे ४. टाय रॉडच्या (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा) टोकांना २. ड्रॅग लिंकला (स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा) २. पुढचे पाटे: प्रत्येक पाट्याला एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला शॅकलच्या (पाटा हलला की झुलणारी कडी) दोन पिना, म्हणजे बाजूला ३, मिळून ६. मागेही तसेच ६. प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) दोन क्रॉसना (त्याच्या टोकांचे फुलीसारखे जोड) एकेक आणि मधल्या सरकत्या जोडाला एक, असे ३. एकूण २३. तुमच्या गाडीत आकडा वेगळा येईल. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पाट्यांना रबरी बुश (पिनेभोवतीची आतली नळी) असतात, तिथे निप्पल नसतंच. म्हणून दुसऱ्याचा आकडा घेऊ नका, आपल्याच गाडीखाली जाऊन मोजा.

२३ पैकी ५ रंगाखाली झाकलेले निघाले: डावा खालचा किंगपिन, मागच्या डाव्या शॅकलचे दोन्ही, मागच्या उजव्या शॅकलचं वरचं आणि सरकत्या जोडाचं. मागचे डावे दोन तर पाण्याच्या टाकीच्या आड आहेत. टाकी बसवणाऱ्याला निप्पल दिसलं असेल, पण तिथे उद्या कुणाला ग्रीस गन लावायची आहे हे त्याच्या मनात आलं नसावं. घरगाडीत हे हमखास घडतं. मूळ चासी बनवणाऱ्याने हात जाईल अशी जागा ठेवलेली असते आणि आपण तिथे टाकी, बॅटरीचा डबा, पायरी असं काहीतरी बसवतो.

सगळी निप्पलं तारेच्या ब्रशने घासली, मग टॉवेलच्या तुकड्यांनी पुसली. सोलापुरात चिंध्यांची ददात नाही. कारखान्यातून टेरी टॉवेलच्या कापलेल्या कडा किलोवर मिळतात आणि ग्रीस पुसायला त्यांच्याइतकं चांगलं कापड नाही. प्रत्येक निप्पलभोवती लाल ऑइल पेंटचं कडं काढलं, निप्पलवर मात्र थेंबही पडू दिला नाही.

२८ जानेवारी

ग्रीस आणलं. जुन्या पुणे नाक्याकडच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात मालकांनी आधी विचारलं, "काका, लाल देऊ का निळं?" हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. रंगावरून ग्रीसची जात कळत नाही. रंग कंपनी आपल्या ओळखीसाठी घालते. डब्यावर काय छापलंय ते वाचायचं.

मी घेतलं ते लिथियम साबणाचं, ईपी प्रकारचं, एनएलजीआय २ नंबरचं. ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा स्पंज. त्यात ७० ते ९५ टक्के तेलच असतं आणि उरलेल्या भागात मुख्यतः ते तेल धरून ठेवणारा साबण. वंगणाचं काम तेल करतं, साबण त्याला जागेवर ठेवतो. नंबर घट्टपणाचा. २५ अंश तापमानाला ६० वेळा घुसळलेल्या ग्रीसमध्ये ठरलेल्या वजनाचा शंकू ५ सेकंद सोडतात. तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुतला तर ते २ नंबरचं ग्रीस. नंबर वाढला की ग्रीस घट्ट. चासीला साधारणपणे २ नंबरच चालतं. ईपी म्हणजे जास्त दाब सोसणाऱ्या रसायनांची भर. पिना आणि बुश हळू हलतात आणि त्यांच्यावर बोजा मोठा असतो, तिथे याची गरज आहे.

एक सावधगिरी. आधी कुठलं ग्रीस होतं हे माहीत नसेल तर दोन जातींची सरमिसळ होऊ शकते. बेंटोनाइट मातीवर बांधलेलं किंवा पॉलियुरियाचं ग्रीस लिथियममध्ये मिसळलं तर बऱ्याचदा दोन्ही पातळ होतात आणि वाहून जातात. म्हणून पहिल्या वेळी जुनं पूर्ण बाहेर पडून नवं स्वच्छ दिसेपर्यंत मारायचं. ग्रीस थोडं वाया जाईल, पण एका बुशच्या किमतीपुढे ते काहीच नाही.

२ फेब्रुवारी

गन भरली. पहिल्यांदा भरताना आत हवेचा फुगा राहतो, मग दांडा कितीही दाबा, पुढे काही येत नाही. नळकांडं थोडं सैल करून, मागचा दट्ट्या ढकलून हवा काढली.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. हिने आधीच बजावलं, "अहो, काट्यावर कागद ठेवा म्हणजे झालं." दहा दाबांत ९ ग्रॅम ग्रीस आलं. म्हणजे माझ्या गनचा एक दाब ०.९ ग्रॅम. प्रत्येक गनचं माप वेगळं असतं, म्हणून 'चार पंप मारले' या बोलण्याला वजन केल्याशिवाय अर्थ येत नाही.

आज १४ निप्पलं झाली. पाट्यांच्या पिनांबाबत एक गोष्ट या कामातच नीट कळली. गाडी जमिनीवर उभी असताना पिन बुशच्या एकाच बाजूला दाबलेली असते आणि ग्रीस मोकळ्या बाजूने निघून जातं. जिथे घर्षण होतं तीच बाजू कोरडी राहते. म्हणून जॅक एक्सलखाली न लावता चासीखाली लावायचा, पाट्यावरचा भार उतरला की मग ग्रीस मारायचं. चासी थोडी उचलून घोडीवर (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) टेकवली आणि त्याच निप्पलला पुन्हा गन लावली, तर पिनेच्या पूर्ण गोलाईतून ग्रीसची वळी बाहेर आली, शेवयांसारखी. त्याआधी ती फक्त वरून येत होती.

घोडी लावल्याशिवाय, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी जात नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळेही लावतो.

टाय रॉडच्या टोकाला रबरी टोपी असते. तिथे ती किंचित फुगेपर्यंतच मारायचं. जास्त मारलं तर टोपी फाटते आणि मग आत जाणारी माती कुणीच थांबवू शकत नाही. मागावर तेल जास्त झालं की कापडावर डाग पडायचा आणि आख्खा ताका सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, जायचा. तेव्हापासून हात आखडता आहे, इथे तो उपयोगी पडला.

शॉक अॅब्सॉर्बरच्या रबरी बुशना ग्रीस लावू नये. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं.

८ आणि ९ फेब्रुवारी

डावा खालचा किंगपिन ग्रीस घेत नाही.

पुढचा एक्सल उचलून घोडीवर ठेवला, चाकं लोंबती सोडली. किंगपिनसाठी एक्सलच उचलायचा, म्हणजे बोजा पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवरचा भार सुटतो आणि ग्रीसला आत वाट मिळते. उजव्या बाजूचे दोन्ही आणि डावा वरचा सहज झाले. डाव्या खालच्याला गन लावली, तर दांडा दगडासारखा घट्ट झाला आणि ग्रीस तोंडाच्या कडेने परत आलं. गनचं तोंड आवळून पाहिलं. तेच. नवीन निप्पल बसवलं. तरी तेच.

निप्पल काढून भोकात बॅटरी मारली. आतलं जुनं ग्रीस वाळून काळ्या गुळाच्या खड्यासारखं झालं होतं. सायकलच्या आऱ्याची तार वाकवून ते टोकरलं, चिमूट-चिमूट बाहेर काढलं. मग इंजेक्शनच्या सुई नसलेल्या सिरिंजने भोकात डिझेल भरलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. मिस्त्री चाचांना फोन केला. ते म्हणाले, "जोर नको लावू भाऊ. चाक फिरवत राहा, पिन हलली की रस्ता देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा केबिनमध्ये बसून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होता आणि मी खालून दाबत होतो. पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही. मग आतून 'टक्' असा बारीक आवाज आला, दांडा एकदम मऊ झाला आणि खालच्या सीलमधून एक तपकिरी थेंब लोंबू लागला. पाणी होतं, गंजाचं. त्यामागून विटकरी चिखल, मग काळं, मग करडं, आणि ३१ व्या दाबाला डब्यातल्या रंगाचं स्वच्छ ग्रीस. २८ ग्रॅम गेलं. शेजारच्या किंगपिनला ७ ग्रॅम पुरले होते. तो चिखल मी काचेच्या बाटलीत ठेवला आहे. बोटांत चोळला की वाळूसारखा लागतो.

असं अडलेलं निप्पल उघडताना बोट किंवा तळहात तोंडाजवळ कधीही धरू नका. हातगनमध्येसुद्धा दाब इतका असतो की ग्रीस कातडीतून आत घुसू शकतं. बाहेर फक्त टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही नाही, आणि आत बोट मरत जातं. तसं झालं तर लगेच, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं आणि 'दाबाखालचं ग्रीस आत गेलंय' हे शब्द डॉक्टरांना सांगायचे. कारखान्यात हायड्रॉलिकच्या तेलाने एकाचं बोट गेलेलं मी पाहिलं आहे.

नंतर प्ले, म्हणजे सैलपणा, पाहिला. लोंबत्या चाकाला वर आणि खाली हात लावून आत-बाहेर हलवलं. डावं चाक हललं. हा प्ले चाकाच्या बेअरिंगचा की किंगपिनचा, हे ओळखायची सोपी खूण आहे: दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. प्ले गेला तर बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. राहिला. बुश झिजलं आहे, बदलावं लागणार.

१६ फेब्रुवारी

तुळजापूरला जाऊन आलो. 'कुईं' गेला. तो मागच्या डाव्या शॅकलचा होता. स्टिअरिंग अर्धं सुधारलं.

९ मार्च

आज प्रोपेलर शाफ्ट. क्रॉसच्या मधल्या निप्पलमधून ग्रीस चार बारीक भोकांतून चार टोप्यांत जातं. चारही सीलमधून थोडं थोडं बाहेर यायला हवं. तीन ठिकाणांहून आलं म्हणून थांबायचं नाही, कारण चौथी टोपी कोरडी असते आणि शाफ्ट तीच खाते. मागच्या क्रॉसची एक टोपी देईना. पाहिलं तर सीलभोवती हळदी-कुंकवातल्या कुंकवासारखी लाल भुकटी जमली होती. तो सुईच्या बेअरिंगचा गंज. आतल्या सुया कोरड्या घासल्या की ही भुकटी बाहेर येते. शाफ्ट फिरवून, टोपीवर लाकडाने हलकं ठोकूनही ग्रीस आलं नाही. क्रॉस बदलायचा.

अक्कलकोट रोडच्या गॅरेजमध्ये काम झालं. शाफ्ट उतरवण्याआधी सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर छिन्नीने खूण केली. खूण न जुळवता तो परत बसवला तर दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी ठराविक वेगाला थरथरते. मग लोक टायर बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतात.

सरकत्या जोडाची पद्धत वेगळी. माझ्या शाफ्टला टोकाला टोपी आहे आणि तिला बारीक भोक. आधी त्या भोकातून ग्रीस दिसेपर्यंत मारलं, मग भोकावर चिंधीची घडी दाबून धरली आणि दुसऱ्या टोकाच्या सीलमधून येईपर्यंत पुन्हा मारलं. एवढं केल्यावरच मधल्या सगळ्या खाचांतून ग्रीस फिरतं.

२० एप्रिल

दुपारी अंगणातली फरशी अनवाणी पायाला सोसत नाही. काम सकाळी सातच्या आत.

ग्रीसच्या डब्यात वर बोटभर तेल तरंगताना दिसलं. शेजारचे अण्णा म्हणाले, "वितळलं हो, फेकून द्या." वितळलेलं नाही. लिथियम ग्रीस थेंब सोडायला १८० अंशांच्या आसपास तापावं लागतं. सोलापूरचा उन्हाळा कितीही कडक असला तरी तिथपर्यंत जात नाही. उष्णतेने साबणातून तेल झिरपतं, एवढंच. लाकडी पट्टीने ढवळून पुन्हा एकजीव केलं. डबा आता पत्र्याच्या खोलीतून काढून घरात, कोठीच्या खोलीत आणला.

पण याच झिरपण्यामुळे एक विचार डोक्यात बसला. उभ्या गाडीच्या सांध्यातलं तेलही असंच झिरपत असणार. आमची गाडी वर्षाला फार तर ६,००० किलोमीटर चालते, बाकी वेळ उभी. किलोमीटरच्या हिशोबाने पाहिलं तर ग्रीसिंगची पाळी वर्षानुवर्षं येणारच नाही. आणि 'उभी आहे म्हणजे झीज नाही' हा समज ट्रकला थोडाफार लागू पडेल, कारण ट्रक रिकामा उभा राहतो. घरगाडी कधी रिकामी होत नाही. पलंग, कपाटं, गॅस, बॅटऱ्या, पाणी, सगळं चोवीस तास त्याच पिनांवर, त्याच एका बाजूला दाबत उभं. दाबाखालचं तेल हळूहळू निसटतं, हवेतली ओल आत जाते, आणि पिन जिथे टेकलेली आहे तिथेच गंज धरतो.

२७ एप्रिल

वजन केलं. वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी: ४,३६० किलो. मग फक्त डावी चाकं काट्यावर: २,३१०. म्हणजे उजवीकडे २,०५०. फरक २६० किलो!

डावीकडे स्वयंपाकघर आहे, १५० लिटरची पाण्याची टाकी आहे, बॅटऱ्याही तिथेच. झाकलेल्या पाच निप्पलांपैकी तीन डावीकडे होती. सगळ्यात जड बाजूला सगळ्यात कमी ग्रीस मिळत होतं. बॉडी बांधतानाच हे मोजायला हवं होतं. आता दोन्ही बॅटऱ्या उजव्या बाजूच्या बाकाखाली हलवतोय. केबल लांब लागेल, जाडही एक माप वरची घ्यावी लागेल.

११ मे

किंगपिनचे बुश बदलले. चाचांनी जुनी डावी पिन हातात दिली. एका बाजूने आरशासारखी गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला खालच्या बुशच्या जागी पायरी पडलेली. अंगठ्याचं नख वरून खाली नेलं की त्या कडेला अडकतं. वरच्या बुशच्या जागी काहीच नाही. एकाच पिनेवर दोन बुश, दोघांत वीतभर अंतर, एकाला ग्रीस मिळालं आणि एकाला नाही. ती पिन मी नातीला नख लावून पाहायला दिली.

नवे बुश नुसते ठोकून भागत नाही. आत बसवताना ते किंचित आवळले जातात, म्हणून रिमर (भोक आतून बारीक कापणारं हत्यार) मारून पिनेच्या मापाला आणावे लागतात. चाचांनी रिमर हाताने फिरवला, दर दोन फेऱ्यांनी पिन घालून पाहिली. पिन स्वतःच्या वजनाने अडखळत खाली उतरली तेव्हा थांबले. बुशमधलं ग्रीसचं भोक निप्पलच्या भोकाशी जुळलंय ना, हे तार घालून दोनदा तपासलं. ते अर्ध्या सुताने फिरलं तर नव्या बुशलाही ग्रीस मिळणार नाही.

१ जून

पाण्याच्या टाकीमागची दोन निप्पलं. टाकी दरवेळी उतरवणं शक्य नाही. त्यामुळे निप्पल काढून तिथे जाड भिंतीची, दाब सोसणारी नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक चाकाच्या कमानीत पट्टीवर आणून तिथे निप्पल लावलं. नळी जोडण्याआधी ती ग्रीसने पूर्ण भरून घेतली, नाहीतर पहिल्या चार-पाच महिन्यांचं ग्रीस नळी भरण्यातच जातं. शॅकल मागेपुढे हलतं म्हणून नळीला झोल ठेवला.

याचा एक तोटा आहे. आता मी पिनेपर्यंत वाकून पाहणार नाही, नुसता दांडा दाबून मोकळा होईन. म्हणून तक्त्यात वेगळा रकाना केला: 'पिनेवर ग्रीस दिसलं का'. आरसा आणि बॅटरी घेऊन पाहायचं, मगच खूण.

८ जुलै

आषाढीला पंढरपूरला होतो. वाखरीच्या अलीकडे एका शेतात गाडी लावली, पाऊस झाला आणि काळ्या मातीत चाकं अर्धी रुतली. ट्रॅक्टरने ओढून काढली. ही माती ओली असते तोवर चिकटते आणि वाळली की सिमेंट होते. सीलच्या कडेला वाळली तर हलताना सीलच कापते.

घरी आल्यावर प्रेशर वॉशरने धुवायचा मोह होतो, पण त्या फवाऱ्याने चिखल आणि पाणी सीलच्या आत जातं. साध्या नळीने भिजवलं, कुंच्याने काढलं, आणि त्याच संध्याकाळी सगळ्या २३ ठिकाणी ग्रीस मारलं. इथे ग्रीस वंगणापेक्षा आतलं पाणी बाहेर ढकलायचं काम करतं. किंगपिनच्या चारही ठिकाणांहून आधी पाण्याचे थेंब आले, मग ग्रीस.

१७ ऑगस्ट

अण्णांच्या भाच्याची एअर ब्रेकची जुनी बस पाहिली. त्यालाही स्वतः ग्रीस मारायची सवय लागली म्हणून बरं वाटलं. त्याला एकच सांगितलं: ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबणाऱ्या कॅम शाफ्टला आणि त्याला फिरवणाऱ्या स्लॅक अॅडजस्टरला मोजून ग्रीस मार. तिथलं जास्तीचं ग्रीस ड्रममध्ये गेलं तर लायनरवर चढतं आणि मग ब्रेकच लागत नाही.

२८ सप्टेंबर

सीना नदीला पूर आला. मोहोळ तालुक्यातल्या नातेवाइकांच्या घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर गाडीतून दोन खेपा केल्या: चादरी, पीठ, पिण्याचं पाणी. मागचा पलंग काढून जागा केली. चिखलातून, एका ठिकाणी हबपर्यंत (चाकाच्या मध्यापर्यंत) पाण्यातून गेलो. त्यांच्या घराची अवस्था पाहिल्यावर गाडीचं काही वाटलं नाही.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. गल्लीतले सगळे माग बंद, धुवून-पुसून फुलं वाहिलेले. आमच्याकडे पाटावर नट आवळायचे पाने, जॅक, घोड्या आणि ग्रीस गन. हिने गनलाही झेंडूचं फूल ठेवलं.

पूजेआधी पहाटे पुराच्या खेपांनंतरचं ग्रीसिंग उरकलं. चाकांची बेअरिंगही या वेळी उघडली, कारण हब पाण्यात गेला की आतलं ग्रीस पांढुरकं होतं. उजव्या बाजूचं तसं झालं होतं. धुवून, हातावर ग्रीस घेऊन रोलरांमध्ये दाबून भरलं. चाकाच्या बेअरिंगला गन चालत नाही, तळहातच लागतो.

तक्त्यावर आता कायमचं लिहिलं आहे: ३ महिने किंवा ३,००० किलोमीटर, जे आधी येईल ते. पाण्यात किंवा चिखलात गेली तर त्याच दिवशी. आणि गाडी महिनाभर हलली नाही तर चौकापर्यंत नेऊन आणायची, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवायचं, म्हणजे पिना जागा बदलतात.

नात स्टुलावर, मी खाली.

"आजोबा, एक नंबर, उजवा वरचा?"

"पाच दाब. स्वच्छ."

"दोन, उजवा खालचा?"

"सात. थोडं पाणी, मग स्वच्छ."

"तीन, डावा वरचा?"

"पाच."

"चार, डावा खालचा?"

इथे ती दरवेळी पेन्सिल थांबवते. मी चाक हाताने थोडं वळवलं, गन लावली. सहाव्या दाबाला सीलच्या पूर्ण गोलाईतून ग्रीस आलं.

"सहा. स्वच्छ. चहूबाजूंनी."

तिने खूण केली आणि पाच नंबर विचारला.